बुरुलचा एजेंचा जानेवारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, नगर परिषदेतले सर्वांत ज्येष्ठ सदस्य माननीय तेन्तिमिश अकसकाल. व्यासपीठावर विराजमान असलेले नगररचना विभागाचे आजी-माजी अधिकारी. आमच्या सारी-दोबो वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाइनागुल बाई. आजच्या सत्कारमूर्ती बुरुलचा किदिरालिएवा, ज्यांना थोरल्या बहिणीच्या मानानं आम्ही सगळे एजे म्हणतो. आणि बिश्केकच्या या डिसेंबरात, सकाळच्या धुरातून वाट काढत इथवर आलेल्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा आदरपूर्वक सलाम.

माझं नाव जेक्शेन. लोक मला उस्ता म्हणतात, कारण शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये मी तीस वर्षं कोळशाच्या भट्ट्या बांधल्या. घर गरम ठेवणाऱ्या, विटांच्या, अर्धी भिंत अडवणाऱ्या भट्ट्या. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईंनी या शहरातला कोळसा कमी व्हावा म्हणून उभी नोकरी खर्ची घातली, त्यांच्या निरोपाला भट्टीवाल्याला बोलायला उभं करतात का? मी संयोजकांना तसं विचारलंसुद्धा. ते म्हणाले, “एजेंनी एकच नाव सुचवलं, ते तुमचं.” घरी येऊन सांगितलं तर आमची कुमुशाय म्हणाली, “बोल, पण थोडक्यात बोल. तू भट्टी बांधायला घेतलीस की दुपारचा चहासुद्धा विसरतोस.” तेव्हा मंडळी, थोडक्यात बोलण्याचा प्रयत्न करतो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी शाश्वत शहर, मानवी विकास, राष्ट्रीय धोरण असे भारदस्त शब्द वापरले. ते सगळं खरंच असणार. मला त्यातलं फारसं कळत नाही. मला बारा वर्षांपूर्वीचा एक जानेवारी महिना तेवढा कळतो. त्याच्याबद्दल बोलतो.

त्याच्या आदल्या शरद ऋतूत एजे आमच्या वस्तीत सभेला आल्या होत्या. शाळेची इमारत तेव्हा नव्हती, मालवाहतुकीचे दोन डबे होते लोखंडी, त्यातच शाळा भरायची आणि त्यातच सभा. एजेंनी एक अहवाल तयार केला होता: पुढच्या हिवाळ्यापासून कडेच्या वस्त्यांमध्ये कोळसा जाळायला बंदी. शहराची हवा काळी होते ती आमच्यामुळे, असा त्याचा अर्थ. सोबत एक रंगीत पत्रक वाटलं. ऊब टिकावी म्हणून भट्टीतला कोळसा पुरता विझण्याआधी धुराड्याची झडप बंद करू नका, नाही तर वास नसलेला विषारी वायू घरात साठतो आणि झोपलेलं माणूस उठत नाही. चित्रही होतं, पलंगावर निजलेल्या बाईचं.

मी उभा राहिलो. मला राग आला होता, आणि रागात मी बरा बोलतो.

म्हटलं, “एजे, तुमच्या घरी ऊब कुठून येते?”

त्या म्हणाल्या, “शहराच्या औष्णिक केंद्रातून, गरम पाण्यानं. भिंतीत नळ्या आहेत.”

“नळ्या तुम्ही पेटवता का?”

“नाही.”

“मग एक काम करा. एक जानेवारी महिना आमच्याकडे काढा. आणि मग बंदी घाला.”

सगळे हसले. एजे हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सभा संपली. मला वाटलं, माझ्या नावाची तक्रार लिहिली असेल.

दोन जानेवारीला सकाळी दारावर थाप पडली. बाहेर एजे. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं. म्हणाल्या, “उस्ता, खोली आहे ना? भाडं घ्यावं लागेल, नाही तर कार्यालयात पाहुणचार म्हणून लिहितील.” मी दारातच उभा. मागून कुमुशाय म्हणाली, “अरे, आत तर येऊ दे. तूच बोलावलंस ना चारचौघांत?”

अशा रीतीनं शहराच्या नगररचना विभागाच्या उपप्रमुख माझ्या कडेच्या, वेगळी भट्टी असलेल्या खोलीत राहायला आल्या. रोज सकाळी सात वाजता महामार्गापर्यंत चालत जायच्या, तिथून गाडीनं कार्यालयात. संध्याकाळी परत. आल्या की कुमुशायबरोबर कणीक मळायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातून भट्टी तीनदा विझली. कुमुशाय त्यांना म्हणायची, “एजे, तुम्ही शहर चालवता ना? मग एवढीशी आग चालवा की.” एजे म्हणायच्या, “शहराला तुझ्यासारखी सासू नाही गं.”

पण त्या नुसत्या राहत नव्हत्या, बघत होत्या. माझी मुलगी आइपेरी तेव्हा पाचवीत. एक दिवस एजे तिची वही चाळत बसल्या होत्या. चाळता चाळता थांबल्या. विचारलं, “आइपेरी, ऑक्टोबरात तुझं अक्षर एवढं बारीक आणि आता एवढं मोठं कसं?”

ती म्हणाली, “आता हातमोजे घालून लिहिते ना.”

तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. वर्गातली सगळीच मुलं तशी लिहायची. पण एजे दुसऱ्या दिवशी त्या लोखंडी डब्यात गेल्या आणि झाइनागुल बाईंकडून सगळ्या वर्गाच्या वह्या मागून आणल्या. आठवतंय ना बाई? तुम्हाला वाटलं, तपासणी आली.

मग आला एकोणीस जानेवारी. त्या आठवड्यात खिंड बंद झाली होती, कारा-केचेच्या खाणीतून कोळशाचे ट्रक येत नव्हते. आमच्या घरात दोन बादल्या कोळसा उरला होता, आणि बाहेर उणे चोवीस. सकाळी कुमुशाय चहा घेऊन एजेंच्या खोलीत गेली आणि तिथूनच मला हाक मारली. तशी हाक तिनं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कधी मारली नव्हती.

एजे पलंगावर होत्या. चेहरा गुलाबी, एखाद्या निरोगी माणसाचा असावा तसा. हलवलं तर मान लुळी. धुराड्याची झडप पूर्ण आत ढकललेली, बंद होती.

आम्ही दोघांनी त्यांना ओढत अंगणात नेलं, बर्फात. कुमुशाय त्यांच्या तोंडावर बर्फ चोळत होती आणि नाव घेऊन हाका मारत होती. मी रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडून विचारलं, गल्लीचं नाव काय, घराचा नंबर काय? आमच्या गल्लीला नाव नव्हतं आणि घराला नंबर नव्हता, कारण शहराच्या नकाशात आम्ही नव्हतोच. गाडी महामार्गावर थांबली. मग चार घरांतली माणसं आली, एजेंना नमद्याच्या जाड सतरंजीवर निजवलं आणि चार कोपरे धरून आम्ही त्यांना दीड किलोमीटर नेलं. निम्म्या वाटेवर त्यांना उलटी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. कुमुशाय तिथंच रस्त्यात बसून रडली.

दोन दिवसांनी आम्ही मटणाचा रस्सा घेऊन दवाखान्यात गेलो. त्यांचे तेव्हाचे साहेब पलंगाशेजारी बसले होते. त्यांचं नाव घेत नाही, ते आता या जगात नाहीत. ते म्हणत होते, “बुरुलचा, वाईटातून चांगलं झालं. याहून मोठा पुरावा कोणता? बंदी फेब्रुवारीतच जाहीर करू.”

एजेंचा आवाज अगदी बारीक होता. त्या म्हणाल्या, “मी अहवाल मागे घेतेय.”

“काय म्हणालात?”

“पत्रक मी लिहिलं होतं साहेब. झडप लवकर बंद करू नका. चित्रसुद्धा मीच निवडलं होतं. मला ते पाठ आहे. आणि तरी मी उठून झडप बंद केली. कारण मला थंडी वाजत होती, आणि दोनच बादल्या उरल्या होत्या. या लोकांना कळत नाही, असं आपण लिहिलंय. त्यांना सगळं कळतं. मलाही कळत होतं.”

साहेबांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले.

मंडळी, त्या एका वाक्यानं आमच्या वस्तीचं नशीब फिरलं, असं मी म्हणालो तर अतिशयोक्ती होईल. वाक्यानं काही फिरत नाही. त्यानंतर एजेंना चार वर्षं झगडावं लागलं. नव्या अहवालात त्यांनी क्रम उलटा केला. आधी घराच्या भिंतींना उबेचं अस्तर, म्हणजे निम्म्या कोळशात घर गरम राहील. आधी शाळा, पक्की आणि गरम. आधी गल्ल्यांना नावं. मग गॅसची वाहिनी. आणि सगळ्यात शेवटी कोळसाबंदी. अहवालाच्या पहिल्या पानावर आकडे नव्हते. एकाच मुलीच्या वहीची दोन पानं होती, ऑक्टोबरातलं आणि जानेवारीतलं. परिषदेत काही जण हसले म्हणे. पण तेन्तिमिश अकसकाल, तुम्ही ते पान बराच वेळ हातात धरून बसला होतात, असं मी ऐकलं आहे. त्याबद्दल वस्तीतर्फे आज तुमचे जाहीर आभार मानतो.

आज सारी-दोबोत सातशे घरांना अस्तर आहे. शाळा दुमजली आहे. भिंतींना अस्तर लावायचं कामही मला आणि माझ्यासारख्या भट्टीवाल्यांनाच शिकवलं गेलं, आमची रोजी गेली नाही. हवा अजून स्वच्छ झालेली नाही. तुम्ही येताना पाहिलीच. पण आमचा धूर पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी आहे.

इथंच थांबलो असतो तर कुमुशाय खूश झाली असती. पण मला अजून एक सांगायचं आहे, आणि ते पूर्ण तिलासुद्धा ठाऊक नाही.

मघाशी चिटणीसांनी एजेंची सेवापुस्तिका वाचून दाखवली. तेहतीस वर्षं, चार प्रशस्तिपत्रं, आणि एक ताशेरा: “स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात, त्यातून विभागाची नाचक्की.” त्या ताशेऱ्यामुळे त्यांची बढती गेली. विभागप्रमुख व्हायच्या होत्या, त्या दोन वर्षं तळघरातल्या नकाशांच्या खोलीत बसल्या. पुस्तिका वाचली गेली तेव्हा सभागृहात कुणी मान वर केली नाही. मीही केली नाही.

मंडळी, धुराड्याच्या झडपेला अंगठ्याएवढं भोक ठेवावं लागतं. नियमच आहे तो. झडप चुकून बंद झाली तरी वायूला वाट राहते. पण त्या भोकातून थोडी ऊबही जाते, म्हणून लोक म्हणायचे, “उस्ता, भोक नको.” आणि मी बिनभोकाची झडप बसवायचो. माझ्या घरातही तीच होती. एजेंनी झडप लवकर बंद केली, हे खरं. पण भोक असतं तर सकाळी त्यांचं डोकं दुखलं असतं, एवढंच.

त्या दिवशी त्यांना गाडीत घातल्यावर कुमुशाय त्यांच्याबरोबर गेली आणि मी घरी आलो. दुपारी तपासनीस येणार होते. मी झडप काढली, तिला भोक पाडलं, कडा काजळीनं काळ्या केल्या आणि परत बसवली. तपासनिसांनी लिहिलं: भट्टी नियमाप्रमाणे, चूक राहणाऱ्या बाईंची.

दवाखान्यात साहेब गेल्यावर कुमुशाय वाटी धुवायला बाहेर गेली. तेव्हा एजे मला म्हणाल्या, “उस्ता, झडपेला भोक नव्हतं. मी हातानं चाचपून पाहिलं होतं.”

मी दाराकडे बघितलं, कुमुशाय येते का म्हणून.

त्यांनी विचारलं, “अशा किती बसवल्यात?”

मी म्हटलं, “एकशे चाळीस.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता पोलिसांचं नाव काढतील. त्या म्हणाल्या, “तुम्हाला धरून नेलं तर बाकीचे लोक भीतीनं झडपा लपवतील. कुणी दार उघडणार नाही. तुम्हाला उघडतील. उद्यापासून जा. एक घर सोडू नका.”

“आणि कागदावर तुमचं नाव लागलंय, ते?”

“ते नंतर बघू.”

मी सव्वीस दिवस घरोघर फिरलो. हातात भोक पाडायचं यंत्र, तोंडात एकच वाक्य: “माझं चुकलंय, दुरुस्त करायला आलोय.” एकशे चाळीसच्या एकशे चाळीस झडपा मी दुरुस्त केल्या. त्या हिवाळ्यात आणि त्यानंतर आजवर आमच्या वस्तीत त्या वायूनं एकही माणूस गेलेलं नाही. एजेंचं “नंतर” मात्र कधी आलं नाही. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मला काढायचं धैर्य झालं नाही. बारा वर्षं त्या आमच्याकडे ईदला येतात, जेवतात, आइपेरीच्या लग्नात नाचल्या, आणि ताशेरा त्यांच्याच नावावर.

आज त्यांनी मला बोलायला का निवडलं, ते मी त्यांना विचारलेलं नाही. कदाचित सहजच निवडलं असेल. त्या हिशेबी माणूस नाहीत.

अध्यक्ष महोदय, हा माझ्या सहीचा जबाब. काल आमच्या गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांसमोर लिहिला. त्यात झडप, तारीख, सगळं आहे. तो आपल्यासमोर टेबलावर ठेवतो. पुस्तिका आज बंद होणार आहे, ती बंद होण्याआधी ती एक ओळ खोडावी आणि माझं नाव जिथं लागेल तिथं लावावं, एवढी विनंती. त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. एजे, मान हलवू नका. तुमचं तेहतीस वर्षं सगळ्यांनी ऐकलं, आज माझं ऐका.

या व्यासपीठावर मला जागा दिल्याबद्दल संयोजकांचा आभारी आहे. रस्त्यातून सतरंजीचे कोपरे धरणाऱ्या त्या चार घरांचा आभारी आहे, त्यातले दोघे मागच्या रांगेत बसले आहेत. झाइनागुल बाईंचा, माझ्या कुमुशायचा, आणि आमच्या थंडीत येऊन राहिलेल्या या बाईंचा मी जन्मभर ऋणी आहे.

भाषणात माझं काही चुकलं असेल, एखाद्याचं नाव राहिलं असेल, तर सभेनं ते पोटात घालावं, तेवढा तुमचा मोठेपणा. त्या झडपेसाठी मात्र मला सभेकडून माफी नको. ती मी एजेंकडे मागतो आहे, बारा वर्षं उशिरा, तुम्हा सगळ्यांच्या देखत. एजे, मला क्षमा करा.