शेगडीवाल्यायसमोर स्टो

माहेर माझं उमरेडचं, आमी कोष्टी, घरात दोन माग, अन् बाबाच्या अंगात मोठेपना एवढा का दाराशी कुत्रं आलं तरी म्हणे त्याले पाट मांडा. मले पाहाले नागपूरच्या महाल भागातले पाहुणे येऊन राहिले हे समजलं तसा बाबा नागपुरात गेला, अन् ज्या शेठले आमी लुगडी देत होतो त्याच्याकडून पितळी स्टो मागून घेऊन आला. आई म्हणे, अवो, पाहुण्यायचा धंदाच शेगड्या बनवायचा, त्यायच्यासमोर स्टो काहून? बाबा म्हणे, म्हणूनच आनला, शेगडी तर ते रोजच पाहतात.

आता काय सांगू बाई तुमाले, आमच्याकडं स्टो कोनं पाह्यला होता? आईनं त्याले हळदकुंकू लावलं, पाटावर बसवलं, अन् आमची चांगली चालती शेगडी, लाज वाटते म्हणून, मागच्या दारी टोपल्याखाली झाकून टाकली. पाहुणे आले, सासरा, सासू, अन् मान खाली घातलेला नवरदेव. बाबा त्यायच्या मधात बसून पंप मारून राहिला, मारूनच राहिला. आधी त्याले तापवा लागते हे शेठनं सांगितलं असन, पन बाबानं कधी कोनाचं पुरतं ऐकलं? काडी लावली तशी ज्वाळ उठली ते मागावरच्या रेशीमकाठी लुगड्यापाशी गेली. बाबा पळाला, सासरा पळाला, नवरदेव तर पार वेशीपर्यंत. मी सूत भिजवायच्या टाक्यातलं ओलं पोतं ओढलं अन् स्टोवर टाकलं. हळदकुंकवासकट विझला.

आई रडाले लागली, आता माह्या पोरीले कोन करते. मले बी रडू येऊन राहिलं होतं, काहून का नवरदेव मले आवडला होता, पळतानीच तोंड दिसलं त्याचं. सासू म्हणे, वं पोरी, चहा तर पाज. मंग मी टोपल्याखालची शेगडी काढली अन् पेटवाले बसली. सासरा परत आला, त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं नाही, शेगडीच्या आतली माती बोटानं ठोकून पाह्यली. म्हणे, हे कोनं लिंपलं? मी म्हटलं, मी. म्हणे, तडा काहून नाही गेला? मी म्हटलं, मागाखालचा सुताचा कचरा कालवते जी मातीत. चहा उकळाच्या आधीच म्हणे, पोरगी आमची. अन् बाबा मरेपर्यंत साऱ्या गावाले सांगत राहिला का स्टोमुळं लगन जमलं.

तवापासून महालात शेगड्याच लिंपून राहिली मी. आमच्या घरी स्टोचं नाव काढलं का मालक अंगावर येत. लढाईत घासलेट मिळेना, धरमपेठेतल्या बंगल्यावाल्या बाया आमच्या दुकानापुढं उभ्या राहिल्या, तवा तर हे छाती काढून फिरले. अन् आता येत्या रविवारी आमच्या पोरीले पाहाले त्याच धरमपेठेतून पाहुणे येऊन राहिले, तर काल हेच कोनाचा तरी पितळी स्टो काखेत घेऊन आले. मी म्हटलं, हे काहून जी? म्हणे, मोठे लोक आहेत, शेगडीवरचा चहा बरा दिसन का?

पोरीले देव चांगलं घर देवो, बाकी काही नाही मागत. शेगडी मागच्या दारी पेटवूनच ठेवीन, अन् पोतं आजच भिजवाले टाकलं.