तांदळाच्या डब्यातला संच

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आपले व्यवस्थापक माननीय वाजिदसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती महिपतीअण्णा, त्यांच्यासोबत कोलाडहून आलेल्या त्यांच्या पत्नी मालूकाकी आणि तिन्ही पाळ्यांतल्या बंधुभगिनींनो,

मी प्रविण, कॉम्प्युटर खोलीत अण्णांच्या हाताखाली होतो. शिक्षण बारावी नापास, म्हणून भाषण लिहून आणलंय. वाचतो, राग मानू नये.

अण्णांचा एक नियम सगळ्यांना पाठ आहे. बाहेरची फ्लॉपी आपल्या कॉम्प्युटरला लावायची नाही. "चप्पल घालून देवघरात जाशील काय रे?" असं विचारायचे. आम्ही हसायचो.

शहाण्णवच्या दसऱ्याला खोलीत यंत्रपूजा होती. निमंत्रणाला वेलबुट्टीची चौकट हवी, म्हणून ते पेणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये करून फ्लॉपीवर आणलं गेलं आणि इथे छापलं. कोणी आणलं, ते सांगतो. जरा धीर होऊ द्या. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. दोन दिवसांनी पडदा काळा. व्हायरस! गोदामात रसायनांची साडेआठशे पिंपं. कुठलं कधीचं, कुठलं कशाशेजारी ठेवायचं नाही, ही सगळी नोंद गेली.

घाबरून मी त्याच नोंदींच्या राखीव फ्लॉप्या एकामागून एक त्याच कॉम्प्युटरमध्ये घातल्या. सातवी घालताना अण्णा ओरडले, "थांब रे! विहीर नासली तर घरातले हंडे तिच्यात बुडवतोस?" सातही गेल्या.

पण अण्णा दर शनिवारी नोंदींच्या फ्लॉप्यांचा आणखी एक संच घरी नेत. दमट हवेने खराब होऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवत. मालूकाकी म्हणायच्या, "आता भात शिजवू का ह्याच शिजवू?" आधी मशीनमधलं सगळं व्हायरससकट पुसून टाकलं, मग तो संच लावला. पिशवीतून तांदळाचे दोन दाणे टेबलावर पडले, आणि सगळी पिंपं पडद्यावर परत आली.

चौकशीत तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, फ्लॉपी कोणी आणली? मी टेबलाकडे बघत राहिलो. अण्णा म्हणाले, "खोली माझ्या ताब्यात हाय. माझं नाव लिवा." वर दुसरा ठपका: कंपनीच्या वस्तू घरी नेल्या. ज्या संचाने कंपनी वाचवली, त्याचाच! सेवापुस्तकात शेरा पडला, बढती गेली, अण्णा गेली दोन वर्षं गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसलेत. आज तसाच संच दर शनिवारी बँकेच्या लॉकरमध्ये जातो. आता तो कंपनीचा नियम आहे. पण आधी पाळला कोणी?

फ्लॉपी मी आणली होती. नोकरी कच्ची होती, म्हणून गप्प बसलो. पक्की झाली, तरी गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात गेटवर जाऊन अण्णांना सांगितलं. म्हणाले, "ठावं हाय रे. चौकट बरी होती."

वाजिदसाहेब, अण्णा आज पाच वाजेपर्यंत नोकरीत आहेत. माझा कबुलीजबाब आणि शेरा काढण्याचा अर्ज मी लिहून आणलाय, तीनदा तपासलाय. हार घालण्याआधी तो वाचावा, एवढीच विनंती.

ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. वाचताना कुठे अडखळलो असेन तर सांभाळून घ्या. दोन वर्षं गप्प राहिलो, ते मात्र सांभाळून घेऊ नका.