मोहाला टांगलेला मोबाईल

खापरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघे बसले होते. एक पाड्यावरचे रामसिंगदादा, दुसरा नवाकोरा महागडा मोबाईल दाखवणारा हेमराज.

"दादा, तुम्हना जुना टाकी द्या. असाच लई ल्या."

"काय करस तो?"

"समोरना डोंगरवरनी बकरी बी फोटोमा साफ दिखस."

"मन्ही बकरी माले तशीबी दिखस."

"आनि मालकना चेहरा दखाशिवाय उघडत नही. दुसराना हातमा गया तं दगड."

"मन्हा तं दुसराना हातमाच ऱ्हास. घरमा रेंज नही. टेकडीवरला मोहना झाडले टांगेल ऱ्हास दिनभर."

"बिनलॉकना? कोनी लई गया तं?"

"कोनी नेत नही. ज्याले फोन करना ऱ्हास तो करस, परत टांगी देस."

"चोरले बरं शे."

"मांगला साल मन्ही सून बाळंतपनमा अडनी. मी दूर कापूस येचाले गयथू. वाटवरना एक मानूसनी तोच मोबाईल उघाडा, गाडी बलाई. सून वाचनी, नात बी."

"कोन मानूस?"

"काय माहीत. थांबनाच नही तो."

"मंग नवा लेवाना नही?"

"चेहरा दखीसन उघडस म्हनस ना तू? त्याना चेहरा तं मी बी आजून दखेल नही."