आधी समोरच्याचं सांग

जमलेल्या भावांनो, बहिणींनो, सुमनताईंच्या लेकी-जावयांनो,

मी भांडी विकणारा माणूस. बोलायची सवय आहे, पण ती गिऱ्हाइकाशी. ताईंच्या फोटोसमोर बोलायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

ताई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या अन् शहागंजात माझ्या दुकानावरच्या माडीवर दर रविवारी त्यांचं अभ्यासमंडळ भरू लागलं. माडी माझी, चहा माझा, नियम ताईंचा. नियम एकच. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. समोरचा "व्हय, हेच माझं म्हणणं" असं म्हणाला, की मगच आपली पाळी.

लोक चेष्टा करायचे. मीही करायचो. गाझात युद्ध पेटलं अन् ताईंनी तोच विषय घेतला. मी म्हणालो, "ताई, शहागंजात गाडी लावायचं भांडण मिटंना, अन् तुम्ही इस्रायल-फिलिस्तीनचं मिटवायला निघालात?" ताई म्हणाल्या, "गाडीवाल्यांनाही माडीवर पाठव."

त्या रविवारी दोन माणसं समोरासमोर बसली. दोघंही आज इथं आहेत. एक यूसुफ. गाझाचा पोरगा, आपल्या शहरात पीएच.डी. करतो. दुसऱ्या रिबेकाबाई. मराठी घरातल्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, माहेर अलिबागकडचं, इथं नर्स म्हणून सारी नोकरी केली. त्यांची सख्खी बहीण इस्रायलात राहते.

ताईंनी यूसुफला आधी रिबेकाबाईंचं दुःख सांगायला सांगितलं. यूसुफ म्हणाला, "मैं उनका दर्द क्यों बोलूँ? मेरा कौन बोला?" अन् ताडकन उठला. मंडळी त्याला अडवायला धावली. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या. धरून आणलेल्या माणसाकडून नियम पाळून घेऊन काय करता?"

तो गेला. पुढं एका रविवारी आपला आपणच परत आला. तेव्हा रिबेकाबाईंनी सुरुवात केली. "यूसुफचं घर गेलं. आई तंबूत राहते. इथं त्याच्या घशाखाली घास उतरत नाही."

यूसुफ म्हणाला, "गया नहीं. गिराया."

खाली दुकानात कुणी गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघत होतं. रिबेकाबाईंचा भाचा तिकडं फौजेत आहे. तरी म्हणाल्या, "पाडलं. आमच्या लोकांनी बॉम्ब टाकून पाडलं."

यूसुफ म्हणाला, "हाँ. यही."

मग त्याची पाळी. तो खाली बघूनच बोलला. "इस्रायल पे हमला हुआ उस सुबह इनकी बहन की पड़ोसन को घर में घुसकर मारा. हमारे लोगों ने मारा. तब से सायरन बजता है तो बहन की नातिन नानी को छोड़ती नहीं." त्याचं वाक्य कुणाला दुरुस्त करावं लागलं नाही. रिबेकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "होय रे बाबा. हेच."

मंडळी, खोटं कशाला बोलू? एक देश की दोन, जेरुसलेम कुणाचं, बेघर झालेल्यांनी परतायचं कुठं, यावर दोघांचं आजही पटत नाही. कडाकडा भांडतात. आमच्या माडीमुळं तिथली एक गोळी थांबली नाही. एका वकीलसाहेबांनी विचारलंच, "मग उपयोग काय?"

ताई म्हणाल्या, "माझं गाव अजिंठ्याजवळ. लहानपणी गावात भांडण नव्हतं. लोक म्हणायचे, किती शांत गाव! आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती अन् आम्ही गप्प होतो, म्हणून शांत. ती शांतता त्यांची होती, आमची नव्हती. तिकडं इस्रायल-फिलिस्तीनातही एकानं गप्प बसायचं अन् दुसऱ्यानं भीत भीत झोपायचं, तर त्या तहाला मी शांतता म्हणणार नाय. सरहद्दीची रेघ कुठं मारायची ते त्यांनी ठरवावं. पण रेघेच्या दोन्हीकडचं लेकरू सारख्याच हक्काचं, हे आधी तोंडानं म्हणावं लागतं. जे झालं ते कबूल केल्याशिवाय तह टिकत नसतो."

वकीलसाहेबांनी चहाचा कप उचलला, अन् पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

मला आज दुःख आहे, पण त्याहून जास्त अभिमान आहे. लई अभिमान आहे. मोठमोठ्या राजधान्यांत बंद दाराआड जी वाक्यं कुणाच्या तोंडून निघत नाहीत, ती शहागंजात भांड्यांच्या दुकानावर निघाली. अन् ती काढली कुणी? जिला गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता, त्या पोरीनं काढली.

दवाखान्यात शेवटचं भेटलो. म्हणालो, "ताई, तुमच्याशिवाय मंडळ कसलं? बंद करू." ताईंनी विचारलं, "हे तुझं म्हणणं का माझं?" मी म्हणालो, "माझं." म्हणाल्या, "मग आधी माझं सांग." मला सांगता आलं नाही. रडू फुटलं.

आज सांगतो, ताई. तुमचं म्हणणं असं. माडी बंद करायची नाही. माझ्यासाठी रडा, पण रविवारी या. यूसुफ अन् रिबेकाबाई समोरासमोर बसू देत, भांडू देत, पण नियम मोडू नका.

नियमाप्रमाणं आता "व्हय" तुम्ही म्हणायचं. तुम्ही तर नाही. मग विचारू कुणाला? यूसुफ, रिबेकाबाई, तुम्हीच सांगा. ताईंचं म्हणणं मी बरोबर सांगितलं का?

बघा ताई. दोघंही मान हलवताहेत.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं. पण ताईंना नुसतं गप्प राहणं आवडायचं नाही. ज्याच्याशी आपलं पटत नाही असा एक माणूस मनात आणा, अन् त्याचं दुःख त्याच्या शब्दांत स्वतःला सांगा.

ताई, जयभीम. रविवारी माडी उघडी आहे.