हरण्याची नोकरी

...नाही, पण मी कुणाचं काय घोडं मारलं होतं, सांगा ना! तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं उंच इमारतींना दोरावर लटकून काचा पुसल्या, आणि आता नोकरी कसली? तर शोरूममध्ये रोज चारचौघांत हरायची!

एक भलीमोठी काच. उजव्या अर्ध्या भागाला साहेबांच्या भाचीने प्रयोगशाळेत बनवलेला लेप, डावा अर्धा कोरा... तो माझा! गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की दोन्हीकडे चिखल फासायचा, आणि भाची लाडात सुरू, "आमच्या लेपाला पाणी आवडतं हं! थेंब होतच नाहीत, पाणी पातळ पसरतं, मळाखाली शिरतं नि मळ घेऊनच उतरतं!" एक फवारा मारला की ही नखं बघत उभी! आणि मी? मी घासतोय! साहेब म्हणतात, "बघा, मामा अजून घासतायत!" की टाळ्या!

चार महिने ऐकल्या हो त्या टाळ्या. मग एक दिवस डोकंच सणकलं... रबरी पट्टी भिजवली, वरून खाली नागमोडी, एकदाही न उचलता, दोरावर फिरवायचो तस्सा हात फिरवला, आणि भाचीचं पाणी अजून निम्म्यावर उतरतंय तोवर माझी काच लख्ख! गिऱ्हाईक उठलंच, "अहो, मग लेप कशाला? माणूसच ठेवू की!" इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात साहेबांचा हात खांद्यावर. "मामा, नोकरी हवीय ना? मग उद्यापासून डाव्या हाताने."

झालं! डाव्या हाताने मी घासतोय, ओघळ कोपरावरून काखेत जातायत, आणि भाची कानाशी येऊन म्हणते, "मामा, जरा धापा टाका ना, छान वाटतं!" ...टाकल्या! पण हात मेला कामाचा, त्याला हरणं कुठलं जमायला? महिन्याभरात डावाही सरावला, नि काल पुन्हा जिंकलो. माझा मीच घाबरलो! साहेब रागावले? छे! प्रेमाने म्हणाले, "मामा, उद्या चष्मा घरीच ठेवून या."

म्हटलं, बायको तरी दोन शब्द बरे बोलेल. तर ती भाजी चिरता चिरता म्हणते, "ठेवा की. लावून तरी इतक्या वर्षांत तुम्हाला कुठं काय दिसलंय?"

आज ठेवून आलोय. मी घासतोय... समोर तुम्ही किती जण बसलायत, ते काही दिसत नाही बुवा. हसताय, तेवढं ऐकू येतं.