पाचापेक्षा कमी

ताई : ...ते राहू दे. माझी बबडी कुठाय तुझ्या नकाशात, तेवढं सांग.

धाकटी : ताई, मी ऑफिसात आहे. ती कशी आहे ते आधी सांग.

ताई : झोपलीय आत्ता. सकाळी परत झटका आला. दातखीळ बसली, माझं बोट मध्येच सापडलं. डॉक्टर म्हणतात रक्तात शिसं फार झालंय. कुठून आलं, हे मला विचारतात! आता सांग. कुठाय ती?

धाकटी : नकाशात नावं नसतात गं. ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त, त्यांच्या घराच्या जागी लाल ठिपका. बस.

ताई : मग आमच्या गल्लीत किती ठिपके?

धाकटी : एकही नाही.

ताई : एकही नाही! बॅटऱ्या वितळवायची भट्टी आमच्या मागच्या भिंतीला चिकटून. वाळलेली चादर झटकली की राखाडी पूड उडते. कोपऱ्यावरचा पोरगा येणारे पाढे विसरला. तीन नंबरच्या घरातल्या दोघी पोरी पोट धरून लोळतात. आणि तुझ्या नकाशात आम्ही ठणठणीत?

धाकटी : ठिपके आहेत. पण सगळे टेकडीवर. आमच्या कॉलनीत.

ताई : टेकडीवर भट्टी आहे?

धाकटी : नाही. म्हणूनच अहवालात लिहिलंय, भट्टीशी संबंध दिसत नाही, घरांच्या दारांचा जुना रंग तपासावा. मीच लिहिलंय. आज चारला समिती बसणार. भट्टीचा परवाना पुढे चालू.

ताई : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शाबास गं नकाशावाले!

धाकटी : टोमणे नंतर मार. बबडीचा केसपेपर आहे ना हातात? वर कोपऱ्यात नंबर असेल, तो वाच.

ताई : वाचते. थांब, आमची तान्ही रांगत चाललीय बाकाखाली. ये गं इकडे. हं, घे.

धाकटी : ...सापडली. ताई, ती माझ्या घरात आहे.

ताई : ती माझ्यासमोर खाटेवर आहे.

धाकटी : नकाशात म्हणतेय मी. ठिपका माझ्या घरावर पडलाय. शाळेसाठी माझा पत्ता लावला होता ना आपण? टेकडीवरच्या शाळेत टेकडीवरचीच मुलं घेतात म्हणून. ओळखपत्रावर तोच पत्ता. दवाखान्याने ओळखपत्र बघून उतरवला, माझ्या यंत्राने तिथे ठिपका ठेवला.

ताई : तसं तर सगळ्यांचंच आहे. तीन नंबरच्या दोघी कागदावर आत्याकडे राहतात. कोपऱ्यावरचा, त्याची आई जिथे भांडी घासते त्या बाईंकडे.

धाकटी : म्हणजे अख्खी गल्ली टेकडीवर राहायला गेलीय.

ताई : घर बदलणं एवढं सोपं होतं होय? आधी सांगायचंस. सामान बांधलं असतं.

धाकटी : ताई, मी तिचा ठिपका खाली आणते. तू दवाखान्यात पत्ता बदलून सही कर, म्हणजे माझ्याकडे—

ताई : हात लावू नकोस त्याला!

धाकटी : अगं, मग भट्टी कशी—

ताई : शाळेला कळलं तर नाव काढतील.

धाकटी : तिला झटके येतायत आणि तुला शाळेचं पडलंय?

ताई : झटके येतात म्हणूनच! समजा शाळा गेली आणि भट्टीही तशीच राहिली. मग दिवसभर पोरगी कुठे असेल? गल्लीत. शाळेत असते तेवढा वेळ तरी ती पूड तिच्या नाकात जात नाही. शिकायला नाही गं धाडत मी तिला. श्वास घ्यायला धाडते.

धाकटी : शाळेला दवाखान्याचे कागद दिसत नाहीत. पण उद्या कुणी विचारलंच, तर तुझी सही असेल. खोटं नाही सांगणार.

ताई : भट्टी बंद होईल?

धाकटी : माहीत नाही. सही नाही केलीस तर होणार नाही, एवढं माहीत आहे.

ताई : सख्ख्या भाचीसाठी एवढंच मिळालं तुझ्या कॉम्प्युटरमधून?... कुठे करायची सही?

□

साहेब : मॅडम, तुम्ही म्हणताय गल्लीत ठिपका आला. मला गल्लीचा चौकोन कोराच दिसतोय.

धाकटी : ठिपका आहे, साहेब. दाखवला जात नाहीये. एका चौकोनात पाचापेक्षा कमी रुग्ण असले की नकाशा तो चौकोन आपोआप कोरा ठेवतो.

साहेब : नियम कोणाचा?

धाकटी : माझाच. एक-दोन ठिपके असले की कुणाचं मूल ते शेजारीपाजारी ओळखतात. मग त्या मुलाशी कुणी खेळत नाही.

साहेब : नियम चांगला आहे.

धाकटी : हो.

साहेब : आज एकासाठी वाकवला, तर उद्या भट्टीचा वकील येऊन दुसरीकडे वाकवेल.

धाकटी : माहीत आहे. पण टेकडीवरचे बरेच ठिपके खालचे आहेत, साहेब. पत्ते शाळेसाठी लावलेत. अहवाल चुकलाय.

साहेब : तुम्ही सांगता म्हणून समिती मानेल? ती विचारेल, मॅडमना कसं कळलं. ती मुलगी तुमची कोण, हे मला सांगू नका. ऐकलं तर लिहावं लागेल.

धाकटी : नाही सांगत.

साहेब : सह्या करून बदललेले पाच पत्ते आणा. चौकोन लाल झाला की अहवाल मी स्वतः मागे घेतो, समितीला तोंड दाखवतो. चार आणलेत, तर माझ्याही हातात काही नाही.

धाकटी : चारपर्यंत आणते.

साहेब : चार नाही हो, पाच.

धाकटी : चार वाजेपर्यंत म्हणाले, साहेब.

□

(दवाखान्याच्या जिन्यात आवाज तुटतो. जी ओळ अर्धी आहे, ती समोरच्याला तेवढीच ऐकू आली.)

ताई : ...तपासणीचा दिवस म्हणून गल्लीतल्या सगळ्या इथेच आहेत, बाकावर. मी सरळ उभी राहिले मध्ये आणि...

धाकटी : ऐकू येत नाहीये. पुढे ये जरा. किती झाले?

ताई : तीन नंबरवालीने केली सही. तिच्या दोघी, आपली बबडी. तीन. कोपऱ्यावरची रडायलाच लागली. म्हणाली, बाईंना कळलं मी त्यांचा पत्ता वापरला, तर कामावरून...

धाकटी : मग?

ताई : मग काय. तिचा पोरगाच म्हणाला, आई, कर ना, माझं डोकं दुखतंय. केली तिने. चार.

धाकटी : अजून एक, ताई. अजून एकच.

ताई : एकच उरलीय, ती नाही म्हणते. तिचा नवरा भट्टीवरच कामाला. म्हणाली, भट्टी बंद झाली तर आम्हाला खायला तू घालणार? मी हात धरला तिचा. तिने सोडवून घेतला. तिची पोरगी आमच्याकडे बघत होती, ओठ कसे निळसर...

धाकटी : तिला माझ्याशी बोलायला दे.

ताई : गेली ती. उठून गेली. पोरीची तपासणी न करताच.

धाकटी : साहेब पंखाही न लावता बसलेत समोर. चार ठिपक्यांना चौकोन कोराच राहतो गं. तुम्ही तिघींनी सह्या करून धोका पत्करलात आणि नकाशात काहीच दिसणार नाही. माझा नियम. माझाच.

ताई : ऐक. ऊर बडवू नकोस. तान्हीचं रक्त काढायला लावलंय मी.

धाकटी : तान्हीला काय झालं?

ताई : काही नाही. हसतेय. सुई टोचली तेवढीच रडली. तिचं ओळखपत्र अजून काढलंच नाही, त्यामुळे पत्ता विचारला तो मी आपला खरा सांगितला. सांगताना जीभ अडखळली बघ.

धाकटी : ताई, तिला काही त्रास नसताना...

ताई : दिवसभर त्याच फरशीवर रांगते. हात तोंडात. मला वाटलं होतं एक तरी सुटली असेल. नर्स म्हणते रक्ताचं यंत्र लगेच आकडा दाखवतं. जास्त निघाला तर ती पाचवी.

धाकटी : कुठे आहेस तू आत्ता?

ताई : जिन्यातून परत आत आले, यंत्रासमोर. नुसतं घुं घुं करतंय. छोटे, तू शिकलीस, तुला कळतं. हात जोडून उभी आहे मी. काय मागू?