दोघांच्या मधातलं सर्किट

मी पुण्यात चिपचं डिझाइन करतो हे तुम्हाला माहीत आहे, पण गावी, देऊळघाटला, आईला ते समजावताना काय झालं ते ऐका.

तिनं विचारलं, "तू नेमकं काय बनवतं रे तिथी?"

मी म्हटलं, "चिपचा एक भाग कमी व्होल्टेजवर चालते. त्याचा सिग्नल इतका बारीक असते, का दुसऱ्या भागाले समजतच नाही. मी दोघांच्या मधात बसणारं इवलंसं सर्किट बनवतो. ते तोच सिग्नल लगेच मोठा करून पुढं देते."

"हे तं माहं रोजचंच काम हाय."

खरंच होतं. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचं बोलणं फक्त तिलाच कळायचं. ते पुटपुटायचे आणि ती घरभर सांगायची. तेव्हाही बाबा पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, "ते म्हणून राह्यले का पोरानं आता लग्न करावं."

मी म्हटलं, "आई, सर्किटनं मधात स्वतःचं काही घालाचं नसते."

"मंग तुहं सर्किट कच्चं हाय."

बाबा आवाज न करता हसत राहिले.

गेल्या महिन्यात आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिला आदरांजली वाहायला आलेल्या माणसांनी घर भरलेलं होतं. कोणीतरी बाबांना म्हणालं, "दोन शब्द बोला." त्यांचे ओठ हलले आणि आम्ही सगळ्यांनी सवयीनं आईच्या जागेकडे पाहिलं. तिथे तिचा हार घातलेला फोटो होता.

मी बाबांच्या तोंडाशी कान नेला. बऱ्याच वेळानं कळलं.

"तुह्या मायले बोलाव. ती सांगन बरोबर."